भिंतीवरचा ग्रंथ

सांगली, १२ जानेवारी १९४६

ती. सौ. अक्कास,

धाकट्या चिंतूचा वाकून नमस्कार. मेव्हण्यांनाही तसाच, फक्त थोडा जास्त वाकून.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर रागावणार नाहीस. आमच्या वाचनालयात हंबीरराव नावाचा नवा शिपाई लागला आहे. तासगावच्या पलीकडे हिंगणवाडी आहे, तिथला. लढाईत तारायंत्रांच्या पलटणीत हवालदार होता, इटलीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचा. तिकडून त्यानं एक घड्याळ आणलं आणि मला दाखवायला घेऊन आला. घड्याळ बंद आहे. पण ते ज्या कागदात गुंडाळलं होतं तो कागद चालू निघाला, अक्का!

अमेरिकेतल्या कुठल्याशा मासिकाची पानं होती. मी डिक्शनरी उशाशी घेऊन तीन दिवस वाचली. तिथला एक शास्त्रज्ञ म्हणतो की माणसाचं डोकं बाराखडीनं चालतच नाही. खरं आहे की नाही? मला मुंज म्हटलं की लाडू आठवतात, लाडू म्हटलं की दात, आणि दात म्हटलं की दाढ काढायला मला धरून बसलेले मेव्हणे. आता हे कुठल्या कोशात एका पानावर सापडेल? तर त्यानं एक टेबल कल्पिलं आहे. जगातली सगळी पुस्तकं बारीक फोटो करून त्याच्या पोटात ठेवायची. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं तर खटका दाबायचा. आणि गंमत अशी की आपण ज्या वाटेनं गेलो ती वाट टेबल लक्षात ठेवतं. उद्या ती वाट उचलून दुसऱ्याच्या हाती देता येते.

तुला ठाऊकच आहे की गेली अकरा वर्षं मी आपल्या भागाचा कोश लिहितो आहे. ‘अ’पासून सुरुवात केली, आणि लढाईपायी कागदावर नियंत्रण आलं तेव्हा ‘ओ’पर्यंत आलो होतो. आता छापायला कागद नाही आणि अमेरिकन टेबल मला कोणी देणार नाही. पण वाचनालयाच्या मागच्या दालनात तीस फुटी भिंत रिकामी आहे! तिच्यावर खिळे ठोकायचे. प्रत्येक खिळ्यावर एका विषयाचं कार्ड टांगायचं, आणि ज्याचा ज्याच्याशी संबंध त्या दोन खिळ्यांना दोरा बांधायचा. कार्डांसाठी जुन्या परीक्षांचे पेपर मिळाले आहेत, त्यांची एक बाजू कोरी आहे.

अडचण एकच आहे. माझं अक्षर मलाच लागत नाही. चारूला चार महिने पाठवशील का?

तुझा,
चिंतामण


सातारा, २० जानेवारी १९४६

चि. चिंतूस,

आशीर्वाद आहेत, ते भिंतीवर खर्च करू नकोस.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या शास्त्रज्ञाला कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात आणून बसवा. तिथे पंचवीस वर्षं हे दुसरं काय करताहेत? एका कागदावर दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्यावर तिसऱ्याचा, आणि तिसरा उंदरानं खाल्लेला.

चारुलतेला पाठवते. बी. ए. झाल्यापासून ती घरात पुस्तक नाकाला लावून फिरते आणि उंबऱ्याला ठेचा खाते. दोन स्थळं तिनं परत पाठवली. एकाला म्हणे ‘वाचन’ हा शब्द लिहिता येत नव्हता. आता तुझ्याकडे येतेच आहे तर नीट ऐक. तुझ्या वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब हसबनीस, त्यांचा थोरला त्रिविक्रम वकील झाला आहे. घराणं उत्तम आहे, पत्रिका मी ओळखीतून बघून ठेवली आहे. चारूला यातलं काही बोलायचं नाही. ती कार्डं लिहील, तो वाचनालयात येईल, पुढचं देव आणि तू बघा. देवावर माझा भरवसा जास्त आहे.

तिच्याबरोबर मेतकूट आणि लोणचं देते. बरणी परत पाठव.

अक्का


सांगली, २५ फेब्रुवारी १९४६

ती. अक्का,

साष्टांग. बरणी फुटली. पण भिंत उभी राहिली!

पाचशे सत्तर खिळे हंबीररावानं ठोकले. मी म्हटलं, “हंबीरराव, रांगेत हवेत हो.” तर म्हणतो, “पंत, गोळीबार चालू आसला म्हंजी बोर्डावाल्याला कोन रांग इचारत न्हाई. लाईन जोड म्हंत्यात.” दोऱ्यांचे रंगही त्यानंच ठरवले. शेतीला हिरवा, नदीला निळा, देवादिकांना पिवळा, रोगराईला तांबडा. चारूचं अक्षर तर मोत्याचं आहे. लोक कार्डाच्या दोन्ही बाजू वाचतात एवढीच अडचण. परवा एक गृहस्थ ‘कृष्णा नदी’च्या मागचं गणित सोडवत बसले होते.

आणि शास्त्रज्ञाचं म्हणणं खरं ठरलं, अक्का. काल एक मास्तर हळदीचं बेणं किती खोल लावतात ते बघायला आले. हळदीवरून हरिपूरच्या जमिनीखालच्या हळदीच्या पेवांवर गेले, हरिपूरवरून संगमावर, संगमावरून मगरीवर, मगरीवरून कातड्यावर, आणि तीन तासांनी बाहेर येऊन स्वतःच्या वहाणा निरखत उभे राहिले. हळद राहूनच गेली. पण चेहरा किती तृप्त होता!

नावावरून समितीच्या तीन बैठका झाल्या. ‘कोश’ म्हणावं तर पानं नाहीत, ‘ग्रंथ’ म्हणावं तर बांधणी नाही, ‘जाळं’ म्हटलं की कोळी आठवतो. शेवटी रावसाहेबांनी ‘सूत्रमंदिर’ सुचवलं. मग मंदिर म्हटल्यावर जोडे बाहेर काढायचे की कसं, याच्यासाठी चौथी बैठक झाली.

उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. त्यांचे आजोबा नारोपंत हसबनीस यांनी हिंगणवाडीला पायऱ्यांची मोठी विहीर बांधली. पहिल्याच पायरीवर नाव कोरलेलं आहे. तिचं कार्ड दोनशे सात नंबरच्या खिळ्यावर, अगदी नजरेसमोर लावलं. ते वाचायला रावसाहेब पुढे वाकले आणि त्यांची पगडी ऊस आणि कृष्णामाई यांच्या मधल्या दोऱ्यात अडकली. हंबीररावानं सोडवली, पण सुटताना ती नेमकी ‘वानर’ या कार्डावर जाऊन टेकली. कोणीतरी खुदकन हसलं. चारू होती.

त्रिविक्रम तिथेच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. चांगलं चिन्ह आहे.

चिंतामण


सातारा, ४ मार्च १९४६

चि. चिंतूस,

पगडी पडली त्या गोष्टीला तू चांगलं चिन्ह म्हणतोस, तेव्हा तुझ्या चिन्हांचं मी काय करू?

चारूला सांग, होणाऱ्या सासऱ्याला लग्नाआधी हसू नये. नंतर निमित्तं पुष्कळ मिळतात. आणि सासरा होणार आहे हे सांगू नकोस. कसं सांगायचं ते तूच बघ, तू कोशकार आहेस.

रावसाहेबांकडून निरोप आला आहे की मुलगी पसंत आहे, चैत्रात बोलणी करू. मी साड्या काढून उन्हात घातल्या. कापडाच्या रेशनच्या दिवसांत मुलीचं लग्न ठरणं म्हणजे काय असतं, ते बिनलग्नाच्या माणसाला कळायचं नाही.

तिला जेवायला वेळेवर वाढत जा. आणि तूही जेव.

अक्का


सांगली, १९ मार्च १९४६

ती. अक्का,

सूत्रमंदिराची कीर्ती मिरजेपर्यंत गेली! रोज पन्नास-साठ माणसं येतात. मात्र माणूस आत आला की हळद नाही, ऊस नाही, आधी स्वतःचं कार्ड शोधतो. असलं तर त्याला किती दोरे आहेत ते मोजतो. मग शेजाऱ्याचे मोजतो. मग माझ्याकडे येऊन म्हणतो, “पंत, यांच्या खिळ्याला अकरा आणि आमच्याला चार?” दोन पेन्शनर हेडमास्तर एकमेकांचे दोरे सोडताना सापडले. दोघांनीही सांगितलं की शुद्धलेखन तपासत होतो.

एक केशतेलवाले येऊन गेले. त्यांना प्रत्येक खिळ्यावरून आपल्या तेलाला दोरा हवा आहे. मी म्हटलं, ‘टक्कल’पासून देतो, पण अजिंक्यताऱ्यापासून कसा देऊ? म्हणाले, “किल्ल्यावर वारा असतो, केस विस्कटतात.”

त्रिविक्रम रोज येतो. ‘होतकरू विधिज्ञ’ असं त्याचं कार्ड आहे, ते बघतो, दोरे मोजतो आणि मोजता मोजता चारूशी बोलतो. परवा दोघं अर्धा तास बोलत होते. शब्द ऐकू आले नाहीत, पण चारूचे गाल लाल झालेले मी पाहिले. तू साड्या काढल्यास ते बरं केलंस.

फक्त एका तांबड्या दोऱ्यावरून किरकोळ मतभेद झाला होता. तोही मिटला. सदर दोरा तूर्त सैल ठेवण्यात यावा, असा समितीनं एकमतानं ठराव केला. काळजीचं कारण नाही.

चिंतामण


सातारा, २४ मार्च १९४६

चि. चिंतूस,

तुझ्या पत्रात ‘किरकोळ’ शब्द आला की मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचते. मॅट्रिकला नापास झालास तेव्हाही गणितात किरकोळ अडचण असं कळवलं होतंस.

दोरा कुठून कुठे बांधला होता? कोणी बांधला? सैल म्हणजे काय? चारूचं पत्र पंधरा दिवसांत एकदाच आलं, त्यात दोन ओळी. ‘मी बरी आहे. तू गुडघ्याला तेल लाव.’ माझी मुलगी दोन ओळी लिहिते तेव्हा दोनशे गिळलेल्या असतात.

तुला विचारून उपयोग नाही. हंबीररावाला वेगळं कार्ड टाकलं आहे. तो बोर्डावर बसलेला माणूस आहे, खरं ते सांगेल.

अक्का


सांगली, ३० मार्च १९४६

आक्कासायबांच्या पायाशी हंबीरराव ज्ञानू पाटील, माजी हवालदार, याचा रामराम.

तुमचं कार्ड पोचलं. तुमी खरं सांग म्हणून लिवलंसा, म्हणून लिवतो. पंतांवर रागावू नका. त्यो मानूस लोण्याचा हाय.

माज्या कारभारनीला, रंगूबाईला, नारू झालाय. पायाला फोड येतो, फुटतो, आन् आतनं दोऱ्यावानी किडा बाहीर येतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर वढायचा. तुटला तर पाय सुजून मानूस जाग्यावर पडतंय. दोन म्हयने ती हातरुणात हाय. मी रजा मागाया गेलो तवा चारूताईंनी इचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या म्हनल्या, गावात आनखी किती हायती? मी म्हनलं, घरटी एक धरा.

मंग त्या भितीफुडं जाऊन हुब्या ऱ्हायल्या. एका खिळ्यावर सरकारी दवाखान्याचं पत्रक हुतं. नारूवालं मानूस पायऱ्या उतरून पान्यात पाय घालतंय, किड्याची पिल्लं पान्यात जात्यात, ते पानी पिल्यालं मानूस वरसानं आजारी पडतंय, आसं त्यात लिवल्यालं. दुसऱ्या खिळ्यावर तासगावच्या डाक्तरांची आजाऱ्यांची यादी हुती. तीत हिंगनवाडीची येक्केचाळीस नावं, माज्या रंगूचंबी. तिसरा खिळा दोनशे सात, नारोपंतांची इहीर. तिन्ही कार्डं वरीसभर... न्हाई, म्हयनाभर भितीवर लोंबत हुती. हजारभर मानसांनी वाचली आसतील. ताईंनी तांबडा दोरा घेतला आन् तिन्ही जोडली. लाईन लागली, आक्कासायब.

गावात पयल्यापासनं म्हनत्यात, नारोपंताचा नारू. आमी हासन्यावारी न्यायचो.

रावसायब आलं आन् भडाकलं. आमच्या आज्ज्याच्या पुन्याईला रोगाचा दोरा? पंतांनी सवताच्या हातानं दोरा कातरला. लय वाईट वाटलं त्यास्नी. कातरताना डोळं मिटलं हुतं, म्हनून शेजारचा गुळाचा दोराबी तुटला. दुसऱ्या दिवशी ताईंनी परत बांधला. आसं चार येळा झालं. मंग रावसायबांनी दालनालाच कुलूप घातलं.

आन् ते वकीलसायब. पंतांनी काय लिवलं ठावं न्हाई. मी दारात हुबा हुतो. ते म्हनलं, “दोरा सोडा, मंग चैत्रात लगीन करू.” ताईंस्नी लगनाचं तवाच कळलं. त्या तांबड्यालाल झाल्या. म्हनल्या, “कसलं लग्न? आणि दोरा सुटणार नाही.”

ताईंनी तिन्ही कार्डांची नक्कल केली आन् माज्यासंगं मोटारीनं गावाला आल्या. चावडीत वाचून दावली. गाव म्हनालं, पायऱ्या आजच दगडांनी बुजवू, वरनं रहाट बशीवू. पन रावसायबांचा कारभारी आडवा आला. इहीर आमच्या मालकीची, पायरीला हात लावला तर कोर्टात खेचू म्हंतो. आता उनाळा तोंडावर आला. ह्याच पान्यावर फुडल्या सालाचा नारू पेरला जातोय.

ताई रोज कुलपाकडं बघत्यात. जेवत न्हाईत म्हनून लिवलं. चुकलं माकलं माफी.

हंबीरराव


सातारा, १२ एप्रिल १९४६

श्रीमान रावसाहेब हसबनीस यांचे सेवेशी,

सौ. अनसूयेचा विनम्र नमस्कार. आपण थोर, मी साताऱ्याची एक साधी बाई. तरी आपल्या घराण्यावर आळ येताना गप्प बसवलं नाही, म्हणून लिहिते.

हिंगणवाडीची विहीर आपल्या आजोबांनी बांधली आणि त्या विहिरीनं गावाला नारू झाला, असं बोललं जातं हे ऐकून मला जेवण गोड लागेना. माझे यजमान दप्तरखान्यात आहेत हे आपण जाणताच, आणि तासगाव तालुक्याचं दप्तर इथे साताऱ्यालाच असतं. त्यांनी रीतसर अर्ज लावून १८७७ सालच्या दुष्काळी कामांचे कागद पाहिले. आपल्याला कळवायला फार आनंद होतो की ही विहीर आपल्या आजोबांनी बांधलेली नाहीच!

ती सरकारी दुष्काळी काम म्हणून खणली गेली. खणणारी त्रेसष्ट बाया-माणसं गावचीच, त्यांची नावं यादीत आहेत. पहिलं नाव हरणाबाई. जमीन गावठाणाची. नारोपंत तिथे हजेरी घेण्याच्या कामावर होते. काम संपल्यावर त्यांनी पहिल्या पायरीवर नाव कोरून घेतलं, त्याबद्दल वरिष्ठांनी खुलासा मागितल्याचं पत्रही आहे. खुलासा मात्र सापडत नाही.

आता आपणच विचार करावा. विहीर आपली ठरली तर नारूही आपला ठरतो, आणि एक्केचाळीस माणसांचे पाय आपल्या पुण्याईच्या खाती पडतात. विहीर गावाची ठरली तर आपण मोकळे. गावानं पायऱ्या बुजवल्या काय, ठेवल्या काय, आपल्याला त्याचं काय?

सोबत नक्कल जोडली आहे. दुसरी नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. साताऱ्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक जुन्या विहिरींवर लेखमाला करताहेत, ते दर रविवारी आमच्याकडे चहाला येतात. मी त्यांना अजून काही बोललेले नाही.

लग्नाचं म्हणाल तर आपल्यासारख्या घरात मुलगी द्यायची आमची लायकी नाही. हे मला उशिरा कळलं, त्याबद्दल क्षमा असावी.

आपली,
अनसूया


सांगली, २८ एप्रिल १९४६

ती. अक्का,

नमस्कार करायला हात जोडले, तर आधी कात्री दिसली.

हो, मी कातरला. चार वेळा. तुला सांगायची हिंमत झाली नाही. रावसाहेब म्हणाले, भिंत हवी की दोरा? आणि मला भिंत हवी होती. अकरा वर्षं मी बाराखडीत अडकून होतो, अक्का. पहिल्यांदा माणसं रांग लावून माझं काहीतरी वाचत होती. मनात म्हटलं, एका दोऱ्यानं काय बिघडतं? मी कातरून गेलो की चारू टोकं जमवायची, गाठ मारायची. चौथ्या वेळेला मला म्हणाली, “मामा, दोन कार्डांत संबंध आहे हे तुम्हीच मला शिकवलंत. आता तो नाही, हे कसं शिकवणार?” ती जेवायला बसली नाही, मीही नाही.

तुझ्या पत्रानं काय झालं ते ऐक. रावसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. मला वाटलं, गेलो आपण. उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, “गृहस्थहो, आमच्या घराण्याबद्दल एक गंभीर गैरसमज पसरवण्यात आला आहे. हसबनीस घराण्यानं कधीही, कुठेही, कोणतीही विहीर बांधलेली नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. एका सभासदानं तर इतक्या नम्रपणे विहीर न बांधल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला.

दोनशे सातवर आता नवं कार्ड आहे. मजकूर खुद्द रावसाहेबांचा. ‘ही विहीर कै. नारोपंत हसबनीस यांनी बांधलेली नाही.’ आजोबांच्या नावाची पायरी कारभाऱ्यानं चार बैल लावून उपटून नेली. तिच्यापायी कोर्टात जाणार होता तोच हा. गावानं त्याच आठवड्यात बाकीच्या पायऱ्या बुजवल्या. हंबीरराव रजा घेऊन दगड वाहायला गेला. रहाट बसला. पाणी गाळून घ्यायला चारूनं घरोघरी कापड दाखवलं.

दालन उघडलं आहे. मात्र यापुढे कोणताही दोरा समितीच्या पूर्वसंमतीशिवाय बांधायचा नाही, असा नियम झाला. संमतीसाठी छापील अर्ज आहे. दहा दिवसांत सत्तावीस अर्ज आले, सगळे आपापल्या नावाला दोरा मिळावा म्हणून. चारू भिंतीकडे फिरकत नाही. आपली कार्डं तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि तासगावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा धरली. मला विचारलं नाही, सांगितलं. जाताना पाया पडली. मी म्हटलं, “मला माफ कर.” म्हणाली, “मामा, अमेरिकेच्या त्या शास्त्रज्ञानं वाट दुसऱ्याच्या हाती देता येते म्हटलंय ना? ती मी घेऊन जाते.”

त्रिविक्रमाबद्दल मी जे लिहिलं ते सगळं चूक होतं. साड्या परत घडी करून ठेव.

तुझा,
चिंतू


तासगाव, २ जून १९४७

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. या वेळी पत्र मोठं आहे, म्हणून मी आजारी आहे असं समजू नकोस.

काल रविवार होता, हिंगणवाडीला जाऊन आले. नारू वर्षानं उठतो, त्यामुळे या उन्हाळ्याचीच वाट बघत होते. डॉक्टरांची यादी बरोबर नेली आणि घरोघर फिरले. गेल्या वर्षी एक्केचाळीस होते. यंदा दोन, आणि तेही कामाला परगावी गेलेले, तिकडचं पाणी प्यालेले. रंगूबाई डोक्यावर घागर घेऊन माझ्यासमोरून चालत गेल्या. मी त्यांच्या पायांकडेच बघत राहिले. त्या म्हणाल्या, “ताई, आसं काय बगताय? पायच हायती.”

दुपारी चावडीत बायका जमल्या. मी त्यांना दुष्काळी कामाची यादी वाचून दाखवली, बाबांनी पाठवलेली. त्रेसष्ट नावांतली पुष्कळ त्यांच्या आज्या-पणज्यांची निघाली. एक एक नाव आलं की एखादी बाई “आमची” म्हणायची आणि हात वर करायची. हरणाबाईचं नाव आलं तेव्हा मागून एक म्हातारी उठली. अंबूबाई म्हणून आहेत. हरणाबाई त्यांची आई. त्यांनी आधी कधी आईचं नाव कागदावर पाहिलं नव्हतं. वाचता येत नाही, तरी बोट ठेवून बघितलं.

मग बायका निघाल्या, पण अंबूबाई थांबल्या. मला म्हणाल्या, “पोरी, तू कारनाला कारन जोडतीस म्हनं.” मी म्हटलं, “प्रयत्न करते.” म्हणाल्या, “मंग मला येक सांग. ह्या गावच्या लेकी पयल्या बाळतपनाला म्हायारी येत्यात आन् हितंच जात्यात. माजी गेली. शेजारची गेली. पाच वरसांत सात गेल्या. त्येचा दोरा कुठनं सुरू हुतो?”

आई, मामाच्या भिंतीवर पाचशे सत्तर खिळे आहेत, त्यांत बाळंतपणाचा एकही नाही. आम्ही किल्ले लिहिले, देवळं लिहिली, केशतेलसुद्धा लिहिलं.

मी अंबूबाईंना सांगितलं, मला माहीत नाही, पण शोधते. त्या म्हणाल्या, “शोध. मी हाय आजून.”

आज शाळा सुटल्यावर डब्यातलं कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘अंबूबाईंची लेक, पहिलं बाळंतपण.’ पुढे काय लिहायचं ते कळत नाही. जन्ममृत्यूची नोंद तालुक्याला असते की जिल्ह्याला? सुइणींची नावं कुठे मिळतील? बाबांना विचारशील का?

मी वेळेवर जेवते.

तुझी,
चारू


सातारा, ७ जून १९४७

चि. चारूस,

अनेक आशीर्वाद.

लग्नाचं मी आता विचारणार नाही असं ठरवलं आहे. किती दिवस टिकेल ते सांगत नाही.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि मला म्हणाले, गावनोंदी तालुक्याला, पण वार्षिक तक्ते इथे येतात. कोणत्या सालापासूनचे हवेत ते कळवायला सांग, म्हणजे अर्ज करतो. मी म्हटलं, सरकार बदलायला निघालंय, कचेरीत कोणाला वेळ आहे? हे म्हणाले, सरकार बदललं म्हणून तक्ते बदलत नाहीत.

हे झालं त्यांचं. आता माझं ऐक. तुझ्या आधी मलाही एक मुलगी झाली होती, नऊ दिवसांची होऊन गेली, हे तुला मी कधी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ताप चढला आणि मीही जवळजवळ गेलेच होते. सुईण कोण होती, नाळ कशानं कापली, पाणी कुठलं वापरलं, मला सगळं आठवतं. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. तू ये, बस, आणि लिहून घे. त्याचं एक कार्ड कर.

आणि ‘अंबूबाईंची लेक’ असं लिहू नकोस. हिंगणवाडीला जा आणि तिचं नाव विचारून ये.

आई